चिनी मुलांचा ड्रॅगन



ह्या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय, संगीत अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात. अशा ठिकाणी उभे राहून चिनी मुलांच्या गोष्टींतल्या वाघ-कोल्ह्यांविषयी आणि ड्रॅगनविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. चालकांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. मग अतिशय अदबीने म्हणाले, "मग हे सकाळी ठेवू या का, मुलांसाठी?" आम्ही म्हटले, नको. संध्याकाळीच ठेवा आणि मोठ्या माणसांसाठीच ठेवा. मुलांना गोष्टी समजतात. त्या समजावून घेण्याची पाळी आपल्यावर आलेली आहे.

आता हा विषय आम्हाला सुचला कसा, ते सांगतो. एके दिवशी सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. सरहद्दीवरच्या काही बातमीसोबत एक व्यंगचित्र होते. हिमालयाला विळखा घातलेला, तोंडातून आगीचे लोळ सोडणारा एक भला थोरला ड्रॅगन त्यात होता. आमची आठ वर्षांची नात शेजारी येऊन ते चित्र बराच वेळ न्याहाळीत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, चीनमधली मुलंसुद्धा ह्याला घाबरतात का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी म्हणून आम्ही जे वाचीत गेलो, त्यातलेच काही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पहिली गोष्ट ही, की त्या चित्रातला ड्रॅगन मुळी चिनी नव्हताच. तोंडातून आग ओकणारा, सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसलेला आणि अखेर कोणा घोडेस्वार वीराच्या भाल्याने मरणारा, तो युरोपचा ड्रॅगन. चिनी लोक ज्याला 'लुंग' म्हणतात तो प्राणी वेगळा. युरोपियनांनी त्याला पाहिले, आपल्याकडच्या राक्षसाचे नाव त्याला दिले आणि ते नाव इंग्रजीबरोबर आपल्याकडे आले. नावाबरोबर आगही आली. आज मराठीत ड्रॅगन हाच शब्द रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरणार. परंतु वापरताना आग तेवढी विझवून घ्यावी, अशी श्रोत्यांना विनंती आहे.

हा लुंग दिसतो कसा? जुने चिनी ग्रंथकार सांगतात, की त्याच्या ठायी नऊ प्राण्यांची साम्ये असतात. सांबराची शिंगे, उंटाचे डोके, राक्षसाचे डोळे, सापाची मान, शिंपल्याचे पोट, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे तळवे आणि बैलाचे कान. पंख बहुधा नसतात, तरी तो उडतो. अंगावर नऊ नवे एक्क्याऐंशी खवले. हिवाळ्यात तो पाण्याच्या तळाशी निजतो आणि वसंत ऋतू आला की आकाशात चढतो. वसंतातच का? कारण तेव्हा शेतकऱ्याला पाऊस हवा असतो. लुंगाचे मुख्य काम पाऊस पाडणे हे आहे. ढग, नद्या, विहिरी, समुद्र ही त्याची जहागीर. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो, म्हणून इंद्राला त्याचा वध करावा लागतो. युरोपातला ड्रॅगन सोने अडवून बसतो, म्हणून त्याला मारतात. चीनचा ड्रॅगन पाणी देतो, म्हणून त्याला पूजतात. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून पेरण्या केल्या, त्या चिनी मुलाला हा प्राणी घाबरवील कसा?

मात्र चिनी माणूस आपल्या देवांशी थोडा रोखठोक वागतो. गावोगाव ड्रॅगन राजाची देवळे होती. अवर्षण पडले की गावकरी आधी पूजा-प्रार्थना करीत. तरी पाऊस न आला, तर मूर्ती उचलून भर उन्हात नेऊन ठेवीत. बाबा रे, आमची काय दशा झाली आहे, ती जरा तूही अनुभव! आपण हसलात, पण आपल्याकडेही देव पाण्यात ठेवण्याची चाल आहेच. त्यांनी देवाला उन्हात ठेवले, आपण पाण्यात ठेवले, हेतू एकच. आणि ज्यांच्याकडे पाऊस नसला की मुले धोंडी मागत दारोदार फिरतात, त्यांना चिनी ड्रॅगनची भाषा समजायला दुभाषी कशाला हवा?

आता हा पाऊस पाडण्याचा कारभार कसा चालतो, ते पाहा. चिनी गोष्टींतला स्वर्ग ही एक मोठी कचेरी आहे. सर्वांच्या वर जेड सम्राट. त्याच्या हाताखाली मंत्री, कारकून, नोंदवह्या. ड्रॅगन राजे हे पाटबंधारे खात्यातले अधिकारी म्हणा ना. 'पश्चिमेची यात्रा' नावाची सोळाव्या शतकातली एक विख्यात कादंबरी आहे. तिची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ सालची. चिनी मुले तिच्यातल्या गोष्टी लहानपणापासून ऐकतात. तिच्यात चिंग नदीच्या ड्रॅगन राजाची एक कथा आहे. शहरातला एक ज्योतिषी एका कोळ्याला रोज सांगत असे, की आज जाळे अमक्या ठिकाणी टाक. कोळ्याचे जाळे रोज भरून येई. नदीचा राजा चिंतेत पडला; अशाने आपली सगळी प्रजा संपेल! तो माणसाचे रूप घेऊन ज्योतिषाकडे गेला आणि त्याने पैज लावली, की उद्या पाऊस केव्हा आणि किती पडेल ते सांग. ज्योतिषाने वेळ सांगितली आणि मापही सांगितले. आपल्या मापात ढोबळमानाने तीन फूट तीन इंच, आणि वर अठ्ठेचाळीस थेंब! ड्रॅगन मनात हसला, कारण पाऊस पाडणारा तर तो स्वतःच. घरी जातो तो स्वर्गातून हुकूम आलेला, आणि त्यात तीच वेळ, तेच माप, तेच अठ्ठेचाळीस थेंब. पैज जिंकण्यासाठी त्याने दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशीर केला आणि तीन इंच आठ थेंब पाऊस कमी पाडला. सरकारी पावसात काटछाट केल्याबद्दल त्याला देहांताची शिक्षा झाली.

ह्या कथेशेजारी दुसरी एक कथा ठेवू. ही मुलांच्या पुस्तकांत नेहमी आढळते. पूर्वी म्हणे पृथ्वीवर नद्या नव्हत्या. पूर्वेला नुसता समुद्र होता आणि त्यात चार ड्रॅगन राहत. एकदा आकाशात खेळत असता त्यांनी खाली पाहिले. पिके करपलेली, आणि एक वाळलेली म्हातारी पाठीवर नातवंड बांधून आभाळाकडे हात जोडून बसलेली. चौघे जेड सम्राटाकडे धावले. सम्राट गाणे ऐकत बसला होता. "उद्या पाडतो," म्हणाला आणि विसरला. दहा दिवस गेले. तेव्हा त्या चौघांनी विचार केला, की एवढा समुद्र भरला आहे, तो काय कामाचा? त्यांनी तोंडे भरभरून पाणी उचलले आणि आभाळातून फवारले. खाली पाऊस पडला, लोक नाचले. समुद्रदेवाने वर चहाडी केली. सम्राट रागावला, आपल्या हुकुमाशिवाय पाऊस? त्याने चार डोंगर आणवून चौघांना त्यांच्याखाली कायमचे कोंडले. पण त्यांना केल्या कामाचा पस्तावा झाला नाही. ते डोंगरांखालून नद्या होऊन वाहू लागले. काळी, पिवळी, लांब आणि मोती, अशा त्या चार नद्या आजही चीनच्या नकाशावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत वाहतात. उत्तरेकडच्या नदीचे चिनी नाव अक्षरशः 'काळ्या ड्रॅगनची नदी' असे आहे.

दोन्ही कथांत ड्रॅगन हुकूम मोडतो आणि दोन्हींत शिक्षा होते. एकाने स्वतःच्या मानापोटी पाऊस कमी केला, चौघांनी दुसऱ्याच्या दुःखापोटी पाऊस पाडला. पहिल्याची गोष्ट ऐकताना मूल म्हणते, बरे झाले. दुसरी ऐकताना त्याचे डोळे भरून येतात. न्याय आणि नियम ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आपण मोठी माणसे हे शिकण्यासाठी केवढाले ग्रंथ वाचतो!

आता, श्रोतेहो, एक विलक्षण गोष्ट सांगावयाची आहे. चीनमध्ये ड्रॅगन अतिप्राचीन. परंतु समुद्राच्या तळाशी रत्नांच्या राजवाड्यात राहणारा 'ड्रॅगन राजा' मात्र पुष्कळ अंशी आपल्याकडून गेलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे होऊ लागली. त्यांत ठिकठिकाणी नाग आणि नागराज येत, पाण्याचे आणि पाताळातल्या रत्नांचे स्वामी. भाषांतरकारांनी नाग ह्या शब्दाला लुंग हा शब्द योजला, आणि आपले नागराज तेथे ड्रॅगन राजे होऊन बसले. नागपंचमी आपण ऐन पावसाळ्यात, श्रावणात साजरी करतो. पाटावर ज्या नागोबाला आपण दूध-लाह्या वाहतो, त्याचेच हे चुलत घराणे.

आणखी एक उदाहरण देतो. माकड आणि मगर ह्यांची गोष्ट येथे कोणाला ठाऊक नाही? बायकोला माकडाचे काळीज हवे म्हणून मगर माकडाला पाठीवर घेऊन निघते, आणि माकड म्हणते, अरे, काळीज तर झाडावरच राहिले! ही गोष्ट पंचतंत्रात आहे, तशीच जातककथांतही आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस गांधार देशाचा भिक्षू ज्ञानगुप्त ह्याने बुद्धचरित्राचा एक मोठा ग्रंथ चिनी भाषेत नेला. त्यात ही गोष्ट आली. पण तिच्यातली मगर चिनी भाषेत समुद्रातला एक ड्रॅगन झाली आहे, आणि काळजाचे डोहाळे त्याच्या गर्भार बायकोला लागले आहेत. जातककथा अशा फार पूर्वी गेल्या. मूळ संस्कृत पंचतंत्र मात्र चिनी भाषेत उतरायला १९५९ साल उजाडले. ते काम चि शिएन-लिन ह्या थोर संस्कृत पंडिताने केले.

हा प्रवास करणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे ह्युएन त्संग. तो ६२९ साली निघाला आणि ६४५ साली परत पोहोचला. मध्यंतरी, ६४१ च्या सुमारास, पुलकेशीच्या अमदानीत तो महाराष्ट्रात आला होता. येथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले, तो अजिंठ्याचा असावा असे विद्वान मानतात. 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी ह्याच यात्रेवर रचलेली. त्यातली पश्चिम म्हणजे आपण! त्यात भिक्षूला सोबत करणारा वानर सुन वुकाँग हा आपल्या हनुमंताचा कोणी लागतो की नाही, ह्यावर चिनी पंडितांत मोठा वाद झाला. हू शिह म्हणत, लागतो. लू शुन म्हणत, तो चीनचाच. वादात आम्ही पडत नाही. भिक्षूचा पांढरा घोडा मात्र मूळचा ड्रॅगन आहे. अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून समुद्राच्या राजाचा मुलगा घोडा झाला आणि त्याने भिक्षूला आपल्या देशापर्यंत पाठीवर आणले.

ड्रॅगनचे एवढे पुरे. आता इतर जनावरांकडे वळू. कोल्हा आणि वाघ ह्यांची एक गोष्ट चिनी मुले शाळेत शिकतात. वाघाने कोल्ह्याला धरले. कोल्हा म्हणाला, मला खाऊ नकोस. देवाने मला सर्व पशूंचा राजा नेमला आहे. खोटे वाटत असेल तर माझ्यामागून चल आणि बघ. वाघ मागून चालला. सगळी जनावरे पळाली. वाघाला वाटले, ती कोल्ह्यालाच भ्यायली. आता गंमत अशी, की ही गोष्ट प्रथम सांगितली गेली ती मुलाला नव्हे, राजाला. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी छू राज्याच्या राजाने दरबारात विचारले, की उत्तरेची राज्ये आमच्या सेनापतीला फार भितात म्हणे, खरे का? तेव्हा एका दरबाऱ्याने ही गोष्ट सांगितली. महाराज, ती भितात तुमच्या सैन्याला. तो नुसता पुढे चालतो. बगळ्यासारख्या लांब चोचीचा पक्षी आणि शिंपला ह्यांची गोष्टही अशीच. शिंपल्याने पक्ष्याची चोच मिटून धरली. कोणीच सोडीना. कोळी आला आणि दोघांनाही टोपलीत घालून घेऊन गेला. हीसुद्धा एका राजाला ऐन स्वारीच्या तोंडावर सांगितलेली आहे. शेजाऱ्याशी झुंजत बसलास, तर तिसरा बलिष्ठ दोघांनाही गिळील. त्या राजाने ऐकले आणि स्वारी थांबवली, असे जुना ग्रंथ सांगतो.

आपल्याकडे विष्णुशर्म्याने राजाच्या मूर्ख मुलांना शहाणे करण्यासाठी पंचतंत्र सांगितले. तिकडे सल्लागारांनी राजांनाच गोष्टी सांगितल्या. दोन्हीकडे त्या कालांतराने मुलांच्या वाट्याला आल्या. आम्हाला वाटते, राजांनी ऐकण्याचे सोडले, तेव्हा त्या सुरक्षित ठेवण्यासाठी लोकांनी मुलांच्या स्वाधीन केल्या असाव्यात.

मांजराची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आधुनिक चीनचे सर्वश्रेष्ठ लेखक लू शुन ह्यांनी १९२६ साली आपल्या बालपणाच्या काही आठवणी लिहिल्या. उन्हाळ्याच्या रात्री झाडाखाली आडवे पडले असता आजी पंख्याने वारा घालीत त्यांना गोष्ट सांगे. मांजर ही वाघाची गुरू. वाघ तिच्याकडे शिकायला आला. झडप कशी घालावी, भक्ष्य कसे धरावे, कसे खावे, सारे तिने शिकवले. सगळी विद्या आली, आता गुरूला मारले की आपण सर्वश्रेष्ठ, असे वाघाच्या मनात आले. त्याने झडप घातली, तो मांजर सरसर झाडावर! झाडावर चढण्याची विद्या तिने शिकवलीच नव्हती. आपण मराठीत मांजराला वाघाची मावशी म्हणतो. चीनमध्ये ती वाघाची गुरू. नाते बदलले, पण घराणे तेच.

ह्या आठवणींत आणखी एक हृद्य प्रसंग आहे. लहानग्या लू शुनना विचित्र पशुपक्ष्यांच्या चित्रांचे एक प्राचीन पुस्तक हवे होते. घरात पंडित पुष्कळ. कोणी मनावर घेईना. त्यांना सांभाळणारी बाई निरक्षर होती, पुस्तकाचे नावही तिला धड उच्चारता येत नव्हते. ती रजेवर गावी गेली आणि येताना तेच पुस्तक विकत घेऊन आली. मुलांना सद्‌गुण शिकवावे म्हणून आज्ञाधारक पुत्रांच्या ज्या कथा तेव्हा हाती देत, त्यांवर मात्र लू शुननी कडक टीका केली आहे. त्यांतल्या एका कथेत एक गरीब माणूस आपल्या आईच्या तोंडचा घास वाचावा म्हणून स्वतःच्या तान्ह्या मुलाला जिवंत पुरायला निघतो. ती वाचून लू शुन ह्या मुलाला सद्‌गुणाची ओढ वाटली नाही; उलट, आपले वडील गरीब झाले तर आपले काय होईल, अशी धास्ती वाटू लागली. मुलांच्या हाती कोणती गोष्ट द्यावी, हा प्रश्न म्हणून लहानसा नाही. पुढे चीनमध्ये खास मुलांसाठी लिहिणारे लेखक निघाले. ये शंग-ताओ ह्यांचा 'बुजगावणे' हा कथासंग्रह १९२३ साली आला. शेतात उभे असलेले बुजगावणे माणसांचे दुःख पाहते आणि त्याला काही करता येत नाही, अशी त्यातली शीर्षककथा आहे.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, की हे सारे ठीक. पण हा ड्रॅगन शेवटी सत्तेचेच चिन्ह ना? होय, ते नाकारता येणार नाही. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा. त्याच्या वस्त्रावर, सिंहासनावर, आणि अखेरच्या छिंग राजवटीच्या निशाणावरही तोच होता. १९१२ साली सम्राट पायउतार झाला, ड्रॅगन राहिला. हान फेइ नावाचा तत्त्ववेत्ता इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगून गेला, की ड्रॅगनला माणसाळवता येते, पाठीवरही बसता येते. पण त्याच्या गळ्याखाली काही उलटे खवले असतात, त्यांना हात लागला की तो माणसाला ठार करतो. राजांनाही असे उलटे खवले असतात. त्यांना सल्ला देणाऱ्याने ते ओळखून असावे.

परंतु ह्याच चिनी बालकथेत त्या खवल्यांना हात घालणारे एक पोर आहे. त्याचे नाव नेझा. वय वर्षे सात. उकडते म्हणून ते पाण्यात उतरले आणि अंगावरचे जादूचे वस्त्र पाण्यात घुसळू लागले, तो खाली ड्रॅगन राजाचा महाल हादरला. पहारेकरी आला, त्याला चिनी भाषेतही यक्षच म्हणतात. मग राजपुत्र आला. नेझाने दोघांनाही ठार केले. ड्रॅगन राजे आईबापांना धरायला आले, तेव्हा त्या पोराने, माझ्या अपराधाची शिक्षा त्यांना नको, असे म्हणून स्वतःचा देह आईबापांना परत करून टाकला. पुढे गुरूने कमळापासून त्याला नवा देह दिला. हा नेझा कोण? विद्वानांनी त्याच्या नावाचा माग काढला, तो निघाला आपला नलकूबर, कुबेराचा मुलगा, भागवतातला! गोकुळात कृष्णाने उखळ ओढीत नेऊन ज्याला शापमुक्त केले, तो हा. १९७९ साली शांघायमध्ये त्याच्यावर सुंदर चित्रपट निघाला. त्यात मातलेले ड्रॅगन राजे पाऊस अडवून लोकांना छळतात आणि नेझा त्यांना वठणीवर आणतो. २०२५ साली निघालेला नेझाचा चित्रपटही चिनी मुलांनी डोक्यावर घेतला. तेव्हा चिनी मुले ड्रॅगनला पूजतात आणि वेळ पडली तर त्याला लोळवणाऱ्या पोराच्या बाजूने टाळ्याही पिटतात.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. आपल्या मनात तो केव्हाचा आहे, हे आम्ही जाणून आहोत. १९६२ साल ज्यांनी पाहिले, अंगावरचे दागिने संरक्षणनिधीत घालणाऱ्या आयाबहिणी ज्यांनी पाहिल्या, आणि २०२० साली गलवानमध्ये वीस भारतीय जवान पडल्याची बातमी ज्यांनी ऐकली, त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे, की ज्यांच्याशी असा प्रसंग, त्यांच्या गोष्टी आपल्या नातवंडांना कशाला? ह्या आक्षेपाला आमचे उत्तर एका चिनी गोष्टीतच आहे.

ये नावाच्या ठिकाणी एक सरदार होता. त्याला ड्रॅगनचे विलक्षण वेड. भिंतीवर ड्रॅगन, खांबांवर ड्रॅगन, पेल्यांवर ड्रॅगन. स्वर्गातल्या खऱ्या ड्रॅगनच्या कानी ही कीर्ती गेली आणि तो मोठ्या प्रेमाने त्याला भेटायला खाली उतरला. डोके खिडकीतून आत घातले, शेपूट दिवाणखान्यात पोचली. सरदाराने ते पाहिले मात्र, त्याचे होश उडाले आणि तो पळत सुटला. त्याचे प्रेम ड्रॅगनवर नव्हतेच. ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या चित्रावर होते.

श्रोतेहो, १९५० नंतरच्या दशकात आपण 'भाई भाई' म्हणून जे गोंडस चित्र रंगवले, तेव्हा आपण तो सरदार होतो. ड्रॅगन प्रत्यक्ष समोर आला आणि आपण गांगरलो. त्यानंतर आपण तेच चित्र काळ्या रंगाने रंगवले आणि त्याच्या तोंडात आग भरली. पण ते राहिले चित्रच! गोड चित्र पाहून माणूस बेसावध होतो, भयंकर चित्र पाहून आंधळा होतो. शेजारी केवढा आहे, कसा आहे, काय मानतो, कशाला हसतो, कशाने रडतो, हे दोन्ही चित्रांतून कळत नाही. सरहद्दीचे प्रश्न गोष्टींनी सुटत नाहीत, एवढे भान आम्हाला आहे. ते सैनिकाचे आणि मुत्सद्द्याचे काम. परंतु ज्याच्याशी आपल्याला आणखी हजारो वर्षे शेजार करायचा आहे, त्याची ओळख आपण कोणाकडून करून घेणार? त्याच्या सम्राटाकडून, की नातवाला पंखा घालीत गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या आजीकडून?

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, रणभूमीवरच्या रुग्णांची सेवा करताना तेथेच वारले. तिकडे त्यांची स्मारके आहेत. ती १९६२ नंतरही राहिली. चित्रांखालची माणसे ती ही. राजे भांडतात तेव्हाही ती असतात.

आमच्या नातीला आम्ही चार ड्रॅगनची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "मग त्या म्हातारीला पाणी मिळालं का?" आम्ही म्हटले, मिळाले. तेव्हा तिने वर्तमानपत्रातले ते व्यंगचित्र पुन्हा काढले, निळी पेन्सिल घेतली आणि त्या ड्रॅगनच्या तोंडातल्या आगीवर रेघा ओढू लागली. आम्ही विचारले, हे काय करतेस? ती म्हणाली, "आजोबा, ह्यांनी चुकीचं काढलंय. ह्याच्या तोंडात पाणी असतं."

चित्र दुरुस्त झाल्याने हिमालय हलला नाही, आणि त्यावर पहारा देणाऱ्या आपल्या जवानाचे काम एका घटकेनेही कमी झाले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु उद्या ही मुलगी मोठी होईल, आणि शेजाऱ्याशी भांडायची वेळ आली तर डोळे उघडे ठेवून भांडेल, मैत्री करायची वेळ आली तर तीही डोळे उघडे ठेवून करील, एवढी आशा आम्हाला वाटू लागली आहे. त्या आशेपायीच हा विषय आम्ही संध्याकाळी, मोठ्या माणसांपुढे मांडला.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, विहिरी तळाला गेल्या आहेत.  घरी गेल्यावर नातवंडे जागी असतील, तर त्यांना ही चार ड्रॅगनची गोष्ट अवश्य सांगा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.